विंडो सीट तर घेतली, पण बाहेर दिसणार काय?

विंडो सीट मिळाली म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि आत जाऊन बसलं की समोर नुसता पांढरा पंख, खाली काय चाललंय त्याचा पत्ताच नाही. म्हणून सीटचा नकाशा उघडला की रांगेचा आकडा नंतर बघा, आधी बाजू ठरवा, डावी की उजवी.

दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला, तर घ्यायची ए सीट. येताना तोच उजवीकडे येतो, तेव्हाही ए घेतलीत तर बसा सपाट मैदानं बघत! आणि नकाशावर मनानेच सरळ रेघ मारू नका, फ्लाइटरडार24 या वेबसाइटवर त्याच फ्लाइटचे आधीच्या दिवसांचे मार्ग दिसतात, ते बघून घ्या, विमान भलत्याच अंगाने वळसा घेत असतं.

मग येतं ऊन, आणि खरी गंमत इथेच आहे. सूर्याच्या बाजूला बसलं की डोळे दिपतात, खिडकीच्या प्लास्टिकवरचा एकेक ओरखडा चमकायला लागतो, फोटो तर विसराच. सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला रंग स्वच्छ दिसतात, शिवाय खाली ढगांचा थर असला तर एक बोनस मिळतो, ढगांवर आपल्याच विमानाची सावली पळत असते आणि तिच्याभोवती गोल रंगीत कडं, आतून निळसर, बाहेरून लाल. ढग जवळ असले आणि सावली मोठी पडली तर नीट निरखून बघा, त्या कड्याचा मध्य विमानाच्या मध्यावर नसतो, सावलीत जिथे तुमची सीट आहे बरोब्बर तिथे असतो! शेजारच्या रांगेतल्या माणसाचं कडं वेगळं. संध्याकाळची फ्लाइट असेल तर सूर्यास्ताच्या मागे सगळेच लागतात, पण सूर्य बुडाल्यावर उलट्या बाजूला क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा वर चढतो आणि त्याच्यावर गुलाबी झाक, तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, मला विचाराल तर मी त्या बाजूला बसेन.

आता रांग. पंखाच्या पुढे बसलात तर उत्तम, बरंच मागे बसलात तरी जमीन दिसते पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं. काही बोइंग 737 मध्ये पंखाच्या थोडं पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, भिंतीतून एसीचे पाइप गेलेले असतात, म्हणजे विंडो सीटचे पैसे मोजा आणि भिंत बघा. एटीआरसारख्या छोट्या विमानात हा प्रश्नच नाही, पंख डोक्यावर असतो, खाली सगळं मोकळं.

पोलराइज्ड गॉगल मात्र काढून ठेवा, त्यातून खिडकीवर इंद्रधनुषी डाग दिसतात.

35,000 फुटांवर हवा स्वच्छ असेल तर क्षितिज जवळपास 370 किलोमीटर लांब असतं, पण घरं, नद्या, रस्ते बघायचे तर टेकऑफनंतरची आणि लँडिंगआधीची काही मिनिटंच कामाची, तेव्हा मोबाइल खाली ठेवा. फक्त लँडिंगची बाजू आधीपासून पक्की धरू नका, विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतं, वारा फिरला की रनवेची दिशा बदलते आणि अख्खं शहर पलीकडच्या खिडकीत जातं.