मेक्सिकोच्या घरातील फ्रिहोलेस रेफ्रितोस

श्रोतेहो, नमस्कार. मेक्सिकोमध्ये सकाळच्या न्याहारीच्या ताटात गरम मक्याच्या तोर्तियांशेजारी, म्हणजे पातळ भाकऱ्यांशेजारी, घोटून परतलेल्या घेवड्याचा एक घट्ट, तकतकीत गोळा बहुतेक घरांत आणि खानावळींत वाढलेला असतो. या पदार्थाचे नाव फ्रिहोलेस रेफ्रितोस. आपल्याकडे तो हवाबंद डब्यातून किंवा हॉटेलातील बरिटोमधून, म्हणजे सारण भरलेल्या पोळीच्या गुंडाळीतून पोहोचला आणि त्यामुळे जिरेपूड, तिखट आणि भरपूर चीज घातलेले सारण म्हणजेच हा पदार्थ, असा अनेकांचा समज झाला. मेक्सिकोच्या मध्य भागातील घरात तो करताना मात्र घेवडा, कांदा, मीठ, चरबी आणि फार तर लसणाच्या एक-दोन पाकळ्या एवढेच लागते. इतक्या थोड्या जिनसांतून चव यायची, तर ती दाणा शिजताना पाण्यात उतरलेल्या अर्कातूनच यावी लागते. म्हणून आज मी परतण्यापेक्षा शिजवण्याविषयी अधिक बोलणार आहे.

मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची पद्धत मेक्सिकोमध्ये हजारो वर्षांपासून चालत आली आहे. या शेताला मिल्पा म्हणतात. त्यात मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल चढतो आणि त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र पुरवतात. तेथील लोक घेवडा पूर्वापार शिजवून खात आले. परतण्यासाठी लागणारी डुकराची चरबी मात्र स्पॅनिश लोकांनी डुकरे आणल्यानंतरची, म्हणजे सोळाव्या शतकापासूनची आहे. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला, तेव्हाही मका, घेवडा आणि मिरची हेच तिचे मूलाधार मानले गेले.

कोणता घेवडा घ्यावा, हे प्रांतावर ठरते. उत्तरेकडे फिकट बदामी रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा पिंटो अधिक चालतो. व्हेराक्रूस, वाहाका आणि युकातान या भागांत काळा घेवडा. आपल्याला पिंटो मिळाला नाही, तरी अडत नाही. राजमा आणि घेवडा यांचे मूळ अमेरिका खंडातच आहे आणि पिंटो, काळा घेवडा, राजमा ही सारी एकाच वनस्पतीची वाणे आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव भागात पिकणारा, अंगावर तांबड्या रेघा असलेला आणि भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही त्याच जातीचा असल्याने तो येथे निःशंकपणे वापरावा. दाणा यंदाच्या हंगामाचा असेल, तेवढे मात्र पाहावे, कारण वर्षानुवर्षे साठवलेल्या दाण्याचे साल कितीही शिजवले तरी चिवट राहते.

चार-पाच जणांसाठी पाव किलो, म्हणजे 250 ग्रॅम घेवडा निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावा. मेक्सिकोतील अनेक गृहिणी ताजा दाणा न भिजवताच चुलीवर चढवतात, पण आपल्या दुकानातील दाण्याचे वय कळत नसल्याने भिजवलेला बरा. सकाळी ते पाणी टाकून द्यावे आणि सुमारे दीड लिटर ताज्या पाण्यात अर्धा कांदा न चिरता, लसणाच्या दोन पाकळ्या आणि चमचाभर चरबी किंवा तेल घालून घेवडा शिजत ठेवावा. मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत, विशेषतः काळ्या घेवड्यात, एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची एक काडी घालतात. तो पाला नसेल, तर नसू द्यावा. कोथिंबीर किंवा ओवा घालून त्याची उणीव भरून निघत नाही.

पहिली दहा मिनिटे पाणी खळखळून उकळलेच पाहिजे. कच्च्या राजम्यात आणि घेवड्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे एक द्रव्य असते, त्याने उलट्या आणि जुलाब होतात आणि ते पुरेशा उकळीनेच निकामी होते. दाणा नुसत्या मंद आचेवर किंवा विजेच्या स्लो कुकरमध्ये थेट ठेवणे त्यामुळेच धोक्याचे आहे. उकळी झाल्यावर आच मंद करून दीड ते दोन तास शिजू द्यावे. मेक्सिकोत हे काम ओया नावाच्या मातीच्या उंच मडक्यात होते. मडक्याच्या तोंडावर पाण्याने भरलेले लहान भांडे ठेवतात आणि आतले पाणी आटले की त्यातले गरम पाणी आत ओततात. आपण झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवतो, तशीच ही रीत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरात पाणी 100 अंशांच्या बरेच खाली उकळते, म्हणून तेथील घरांत प्रेशर कुकरही सर्रास वापरतात. आपणही वापरावा: एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

मीठ दाणा मऊ होत आल्यावर घालावे. टोमॅटो, लिंबू किंवा कोणताही आंबट पदार्थ मात्र शिजताना मुळीच घालू नये, कारण आंबटपणाने दाण्याचे साल घट्ट राहते. बोअरवेलच्या जड पाण्यानेही तेच होते. अशा वेळी सोडा घालण्याचा मोह होतो, पण सोड्याने दाणा लवकर फुटला तरी चवीला साबणासारखा लागतो; त्यापेक्षा पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. बोटांत धरलेला दाणा किंचित दाबताच लोण्यासारखा चेपला गेला, तरच तो शिजला असे समजावे. आता भांड्यात राहिलेले दाट, रंगीत पाणी एक थेंबही फेकू नये. मेक्सिकोत हा रस्सा नुसता वाटीत घेऊन पितात.

परतण्यासाठी तेथे मांतेका, म्हणजे डुकराची वितळवलेली चरबी वापरतात. त्यातही मांस तळताना निघालेली, तपकिरी झाक असलेली चरबी उत्तम मानली जाते, कारण तिच्यात भाजल्या मांसाचा स्वाद उतरलेला असतो. पाकिटातील पांढऱ्याशुभ्र चरबीत तो नसतो. डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी सूर्यफुलाचे तेल घ्यावे. मेक्सिकोतही अनेक घरांत आज तेलच वापरतात. साजूक तूप मला येथे योग्य वाटत नाही, त्याच्या वासाखाली घेवड्याची चव दबून जाते. तेल घेतले, तर कांदा अधिक खमंग परतून स्वादाची भरपाई करावी लागते.

जाड बुडाच्या रुंद कढईत चार मोठे चमचे चरबी किंवा तेल तापवून त्यात बारीक चिरलेला पाव कांदा मध्यम आचेवर परतावा. तो पारदर्शक होऊन थांबता कामा नये, त्याच्या कडा चांगल्या तपकिरी झाल्या पाहिजेत. मग एक मोठी पळीभर दाणे त्यांच्या रश्शासह कढईत ओतावे आणि पावभाजीच्या मॅशरने घोटावे. ते आटत आले की दुसरी पळी, मग तिसरी. सगळे एकदम ओतले, तर घेवडा परतला जात नाही, नुसता उकळतो. मिक्सरमध्ये वाटणेही मी टाळते. युकातानमध्ये काळा घेवडा गाळून अगदी गुळगुळीत करतात आणि तो त्या प्रांताचा स्वतंत्र, उत्तम प्रकार आहे. पण मध्य मेक्सिकोच्या पद्धतीत थोडे अख्खे दाणे जिभेला लागावे लागतात.

आता पंधरा-वीस मिनिटे कढईपाशीच उभे राहावे. तळाला धरलेला थर उलथन्याने सतत खरवडून आत मिसळत राहावा, कारण त्या खरपूस थरातच या पदार्थाचा खमंगपणा असतो. कडेने तेल सुटू लागले आणि कढई हलवताच सगळा गोळा तळ सोडून एकसंध सरकू लागला की आच बंद करावी. पदार्थ थंड होताना आणखी घट्ट होतो, तेव्हा इच्छित घट्टपणाच्या थोडे आधीच थांबावे. वरून क्वेसो फ्रेस्को हे खारट, भुसभुशीत चीज भुरभुरतात. आपण ताजे पनीर मीठ लावून, कुस्करून घालू शकतो.

उरलेला घेवडा फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो आणि गरम करताना राखून ठेवलेल्या रश्शाचा हबका मारला की पुन्हा सैल होतो. त्यापासून मोयेते करतात. बोलिओ नावाचा कडक पाव मधोमध कापून, त्यावर घेवडा आणि चीज पसरून ते वितळेपर्यंत भट्टीत ठेवायचे आणि वर टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर यांची बारीक चिरलेली कोशिंबीर घालायची. आपल्याकडे गोव्याचा उंडो यासाठी चांगला. मात्र कोशिंबीर पाव भट्टीतून काढल्यावर आणि तिचे पाणी निथळूनच घालावी, नाहीतर पाव लगेच मऊ पडतो.