धुऱ्यावरची वहिवाट

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला विषय दिलाय तलावाकाठचं वर्ष. वर्ष, पाखरं आणि शेजारी, या तीन गोष्टी पंधरा मिनिटांत बसवायच्या आहेत. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि माझा तास कधी घंटेच्या आत संपला नाही. इथे काचेपलीकडे ताई बसल्या आहेत. त्या घंटा देत नाहीत, बोटं दाखवतात. बघू.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात. नाव सांगणार नाही, कारण ज्या दोघांची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, ते दोघेही या वेळेला रेडिओ लावून बसलेले असतात. एक ओसरीत, दुसरा पानठेल्यावर.

तर तलाव. आमच्याकडचा तलाव म्हणजे मोठं धरणही नव्हे आणि बागेतलं तळंही नव्हे. मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या काळातला. मातीची लांबच लांब पाळ, पाळीत पाणी सोडायचं तुडुम आणि पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. कोहळी समाजाचं त्यातलं कसब मोठं. नवेगावबांधचा तलाव तुम्हाला माहीत असेलच, तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकायला आता कुणी जायचं, हा प्रश्न तेव्हापासून पाळीवरच बसून आहे. त्यात मी आज शिरत नाही. शिरले तर ताईंची बोटं संपतील.

फक्त एक ध्यानात ठेवा. तलाव वर, पाळ मधे, बांध्या खाली. आणि बांध्यासुद्धा पायऱ्यांसारख्या. वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत. वरची भरली की खालच्या बांधीत. हे पुढे लागणार आहे.

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृगात होतं. पहिला दांडगा पाऊस झाला की ओढ्यानाल्यांतून मासे चढतात. रात्री पोरं टॉर्च घेऊन पाण्यात उतरतात, आणि सकाळी प्रत्येक घरातून एकच वास. मी मासे खाणारी बाई आहे, पण पोटात गाभोळी असलेली मासोळी धरू नये असं माझं मत आहे आणि ते मी दर वर्षी पाळीवर उभी राहून सांगते. दर वर्षी पोरं म्हणतात, हो बाई. आणि टोपलं पाठीमागे लपवतात.

मग पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मग चिखलणी, मग रोवणी, म्हणजे लावणी. रोवणीच्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही. कुणाकडे पाहुणे आले तर त्यांनीही धोतर नाहीतर लुगडं खोचून बांधीत यावं.

दसरा-दिवाळीला शिंगाडा. ढिवर मंडळी सकाळच्या गारठ्यात गळ्याइतक्या पाण्यात उतरून वेल उलटी करून शिंगाडे तोडतात. काटे बोटांत जातात, हात पांढरेफटक पडतात. शिंगाडा खावा तर मीठ घालून उकडलेला, सालीसकट काळा, गरम. उपवासाच्या पिठाचं कौतुक मला सांगू नका.

हिवाळ्यात बदकं येतात. वारकरी पाखरू तुम्ही पाहिलं असेल, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. शेकड्यांनी येतात आणि दिंडीसारखे एका बाजूने सरकतात. धान कापून झाल्यावर मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्र रात्र झाडीपट्टीची, आमच्या पूर्व विदर्भाची नाटकं. माझ्या मते ज्याने झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत थंडीत कुडकुडत पाहिलं नाही त्याने नाटकावर बोलू नये. असो. उन्हाळ्यात तलाव आटतो, पोटात गवत उगवतं, गुरं आत चरतात. जूनच्या सुमाराला पहाटे सारसांची मोजणी होते. झालं वर्ष.

ताई हसताहेत. वर्ष पाच मिनिटांत संपवलं, कारण मला सारसाकडे यायचं होतं.

सारस आमच्याकडचा. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलाय. भंडारा, चंद्रपूरला अगदी तुरळक. सगळे मिळून काही डझन. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, माणसाच्या खांद्याला, कधी डोक्याला लागेल इतका. राखी अंग, लाल मान. आणि तो जंगलात राहत नाही, शेतात राहतो. धानाच्या बांधीत, पाण्यात, तण आणि काड्या रचून घरटं करतो. विजेच्या तारा आणि फवारणी, ही त्याची दोन दुखणी. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची संख्या घटतेय याची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे नागपुरात सारसाची केस चालू, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या तहसिलीत आमच्या गावच्या त्या दोघांची.

आता हे दोघे. सख्खे चुलतभाऊ. एकाची बांधी वर, एकाची खाली. म्हणून आपण त्यांना वरचे भाऊ आणि खालचे भाऊ म्हणू. मधे एक धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, तीन-साडेतीन हात रुंद असावा. असावा म्हणते, कारण भांडण त्याचंच होतं. वरच्यांचं म्हणणं, खालचा दर वर्षी नांगरताना धुरा वीतभर कोरतो. खालच्यांचं म्हणणं, वरचा पावसात धुरा फोडून माझ्या धानावर पाणी सोडतो. अकरा वर्षं बोलणं बंद. लग्नाच्या पंगतीत एक उत्तरेला तोंड करून बसला तर दुसरा दक्षिणेला. वरच्यांच्या सुनेला दिवस गेले ते खालच्यांना रेशन दुकानाच्या रांगेत कळलं.

त्या वर्षी रोवणी झाली आणि आठ-दहा दिवसांनी, सकाळी सकाळी, एक जोडी येऊन त्या धुऱ्यावर उभी राहिली. नेमकी त्याच धुऱ्यावर, नेमकी मधोमध. दोघांनी माना वर केल्या आणि ओरडले. सारसाचं ओरडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगते, दोघं मिळून ओरडतात, नराचा एक लांब सूर आणि त्यात मादीचे दोन-तीन आखूड. कोसावर ऐकू जातं. आमच्या गावातली कुत्री गप्प झाली.

चार दिवसांत धुऱ्याला टेकून काड्यांचा ढीग झाला. अर्धा ढीग खालच्या बांधीच्या पाण्यात, अर्धा धुऱ्यावर. काड्या दोन्ही बांध्यांतल्या. रोवलेलं धान उपटून घेतलेलं, तेही दोन्हींतलं. पहिल्या दिवशी वरचे म्हणाले, "पाखरू खालच्याच्या बांधीत आहे जी, त्याचं तो पाहून घेईल." खालचे म्हणाले, "धुरा त्याचा म्हनते ना तो? मंग पाखरूबी त्याचाच." मग वनरक्षक आला. त्याने दोन अंडी पाहिली आणि सहज बोलला, घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. दुसऱ्या दिवशी वरचे म्हणाले, "धुरा माहा आहे." खालचे म्हणाले, "बांधी माही आहे." म्हणजे भांडण तेच, फक्त तोंडं फिरली.

आणि त्यातच पंचनामा आला. वरच्यांनी रोवणीआधीच धुरा कोरल्याचा अर्ज तहसिलीत दिला होता, त्याची स्थळपाहणी. भाद्रपदाचं ऊन, तलाठी साहेब, कोतवाल, पाच पंच. चौथी पंच मी. साहेब नवे होते, शहरातले, नवे बूट. त्यांनी टेपचं एक टोक कोतवालाच्या हातात दिलं आणि म्हणाले, त्या टोकाला जा.

कोतवाल गेला. अंड्यांवर मादी बसलेली, मान खाली. नर कुठे दिसेना. कोतवाल घरट्यापासून दहा पावलांवर आला असेल, आणि धानातून तो नर उठला. उठला म्हणजे नुसता उभा राहिला. पण उभा राहिला तो कोतवालाच्या छातीपेक्षा उंच. पंख पसरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत म्हणा. मग मान मागे टाकली, आणि ओरडला.

श्रोतेहो, कोतवालाने टेप सोडली नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. सरकारी टेप होती. टेप हातात घट्ट धरूनच तो पाठीवर पडला, खालच्या बांधीत, गुडघाभर चिखलात. टेपच्या दुसऱ्या टोकाला साहेब. ते वरच्या बांधीत. दोघांच्या मधे सारस धुऱ्यावर चालत आला, ताणलेल्या टेपकडे एकदा पाहिलं, तिच्यावर एक टोच मारली आणि परत गेला. अगदी शांतपणे. पेन्शनीतला माणूस फाटकापर्यंत जाऊन येतो तसा.

बांधीच्या कडेला वरचे भाऊ आणि खालचे भाऊ, एकमेकांपासून वीस हातांवर. दोघेही हसत होते. पण एकमेकांकडे बघून नाही, तेवढं पथ्य पाळलं.

साहेबांनी पाळीवर बसून, बुटातलं पाणी काढून, पंचनामा लिहिला. मी सही करायच्या आधी वाचला, शाळामास्तरीण आहे. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. "सदर धुऱ्यावर सारस पक्ष्याच्या जोडप्याची वहिवाट असल्याचे दिसून आले. सबब मोजमाप घेता आले नाही." वहिवाट! अकरा वर्षं दोघे भाऊ ज्या एका शब्दासाठी वकिलाला पैसे भरत होते, तो शब्द पाखराला पंधरवड्यात मिळाला. पाच पंचांच्या सह्या, एक अंगठा.

ताई तीन बोटं दाखवताहेत. थांबा, पाऊस राहिलाय.

पंचनाम्यानंतर आठ दिवसांनी झड लागली. दोन रात्री, दोन दिवस. तलाव सांडव्यावरून वाहायला लागला. आता ते मघाचं आठवा. वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत. वरच्यांची बांधी काठोकाठ भरली. धान वाचवायचं तर धुऱ्याला तोंड पाडून पाणी खाली सोडायचं, आणि खाली घरटं. सारस काड्या घालून घरटं उंच करतो, पण एकदम लोंढा आला तर काय उंच करणार?

रात्री अकराला मी पाळीवर गेले, तलाव बघायला. म्हातारपणी झोप येत नाही आणि तलाव फुटेल अशी भीती आमच्या गावात जन्मापासून असते. पाहते तर धुऱ्याच्या एका टोकाला बॅटरीचा उजेड. वरचे भाऊ. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात फावडं. मला वाटलं, आता फोडतो धुरा. पण ते धुऱ्याकडे पाठ करून पलीकडच्या, नाल्याच्या बाजूचा बांध खणत होते. पाणी नाल्यात. दोन दिवसांपूर्वीच त्यांनी युरिया टाकला होता, तोही पाण्याबरोबर नाल्यात. एका पोत्याचे पैसे वाहत होते आणि ते खणत होते.

आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी बॅटरी. खालचे भाऊ. ते आपल्या बांधीचं पाणी पुढे काढत होते आणि कोल्ह्याकुत्र्याला हाकलत होते. दोघांच्या मधे शंभर हातांचा धुरा, काळोख, पाऊस, आणि मधोमध ती बसलेली. मी दोघांनाही हाक मारली नाही. मारली असती तर दोघांनाही घरी जावं लागलं असतं.

अंडी महिनाभराने फुटली. दोन पिल्लं, तांबूस, कोंबडीच्या पिलापेक्षा थोडी मोठी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आईबापांमागे धानात चालायला लागली. घरटं तिथेच राहिलं. एक पिल्लू आठवड्यात दिसेनासं झालं, दुसरं जगलं. धान कापताना खालच्यांनी धुऱ्यालगतची पाच-सहा तासं, म्हणजे धानाच्या ओळी, उभीच ठेवली. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "विळ्याची धार गेली होती जी, बाई." मग शाल-श्रीफळ आलं. कोणाच्या नावाने द्यायचं हे ठरेना, म्हणून दोन शाली आणल्या. नारळ मात्र एकच. तो वरच्यांच्या देवळीत वर्षभर होता आणि अक्षय्य तृतीयेला खालच्यांच्या घरी फुटला. कसा गेला तिकडे, कुणी नेला, हे विचारायची सोय नाही.

घरट्याचा ढीग कुजून माती झाला आहे. त्यामुळे धुरा मधोमध आता चांगला हातभर रुंदावलाय, दोन्ही बाजूंना. त्यावर कोणीही नांगर घालत नाही. केस चालू आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि रोवणी पुढच्या आठवड्यात. काल दोघेही, वेगवेगळ्या वेळी, माझ्याकडे येऊन विचारून गेले की बाई, जोडी दिसली का कुठे.

नमस्कार.