गुठळी आली कुठून? रुडॉल्फ विर्खो यांचा शोध

(दृश्य : बर्लिन. शारिते रुग्णालयाचं संग्रहालय. काचेच्या बरण्या.)

बरण्यांत हृदयं आहेत, यकृतं आहेत, वाकलेली हाडं आहेत. १८९९ साली हे संग्रहालय उघडलं, तोवर जर्मन रोगविज्ञानी डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी वीस हजारांहून अधिक नमुने जमवले होते. रोग नेमका कुठे आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

(दृश्य : शवविच्छेदनाचं टेबल, तराजू.)

त्यांच्या शवविच्छेदनाचा क्रम ठरलेला असे. आधी कवटी, मग छाती आणि पोट. एकेक अवयव सुटा काढायचा, तोलायचा, चिरून पाहायचा. हृदय मात्र जागेवरच उघडायचं, कारण बाहेर काढताना रक्त सांडलं की कोणत्या कप्प्यात किती होतं ते कळत नाही. या पद्धतीची एक उणीव आहे : अवयव सुटे केले की त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या तुटतात.

(दृश्य : चिरलेलं फुप्फुस, जवळून.)

धमनीतली ही गुठळी पाहा. मृत्यूनंतर गोठलेलं रक्त ओलसर, लवचीक असतं, अलगद निघून येतं. ही कोरडी आहे, ठिसूळ आहे, थरांची आहे. म्हणजे माणूस जिवंत असतानाच झालेली. पण इथेच झाली का? विर्खो यांनी कुत्र्यांच्या मानेच्या नीलेत रबराचे तुकडे सोडले. ते सापडले फुप्फुसाच्या धमनीत. पायाच्या नीलेतली गुठळीही तुटून अशीच वर वाहत येते. गुठळी अशी वाहत येऊन अडकते, त्याला ‘एम्बोलिझम’ हे नाव त्यांनीच दिलं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारी पेशी.)

प्रत्येक पेशी पेशीतूनच जन्मते, हे त्यांनी १८५५ साली मांडलं. रॉबर्ट रेमाक यांनी पेशीविभाजन त्याआधीच दाखवलं होतं, त्यांचं श्रेय विसरता येत नाही. १८५८ च्या वीस व्याख्यानांत विर्खो यांनी रोगाचं मूळ पेशीत नेऊन ठेवलं. शरीर हे त्यांच्या लेखी पेशींचं राज्य, आणि प्रत्येक पेशी त्याची नागरिक.

(दृश्य : अप्पर सायलेशियाचा जुना नकाशा.)

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने त्यांना इथे, आज मुख्यतः पोलंडमध्ये असलेल्या या भागात, टायफसची साथ तपासायला पाठवलं. लोक पोलिश बोलणारे, कारभार जर्मन. पोटात अन्न नाही. अहवालात त्यांनी औषधांवर थांबायचं नाकारलं. लोकशाही द्या, पोलिश भाषेला मान द्या, शाळा आणि रस्ते बांधा, गरिबांवरचा कर हलका करा, असं लिहिलं. हा ताप उवांमुळे पसरतो, हे १९०९ साली कळलं. विर्खो यांना ते ठाऊक नव्हतं, तरी उपासमार, दाटी आणि घाण यांवर बोट त्यांनी अचूक ठेवलं.

(दृश्य : लाल विटांचं पंपघर, स्प्रे नदी.)

१८५९ पासून ते बर्लिनच्या नगरसभेत होते. अभियंते जेम्स होब्रेख्ट यांची सांडपाण्याची योजना त्यांनी तिथे उचलून धरली. १८७३ मध्ये काम सुरू झालं. बर्लिन सपाट आहे. एकच लांब गटार काढलं तर उतार पुरत नाही, गाळ साचतो. म्हणून शहराचे बारा भाग केले. प्रत्येक भागाचं पाणी उताराने आपापल्या पंपघरात येई. तिथे वाळू खाली बसे, चिंध्या-काटक्या जाळीत अडकत आणि वाफेचे पंप ते पाणी शहराबाहेरच्या शेतांवर ढकलत. पाऊस मोठा झाला की मात्र ते नदीतच सोडावं लागे.

शहरातला विषमज्वर कमी होत गेला.

(दृश्य : शेतातली चारी, वाहतं पाणी. निवेदन नाही.)