पहिली वीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

आई गेली, त्यानंतरचे कितीतरी महिने मला रात्री दोन-अडीचला जाग यायची. ती गेली त्या दुपारी तिचा फोन आला होता. मी कामात होते. ‘नंतर करते’ म्हणत तो वाजू दिला. पुढचं सांगायला नको. ‘उचलला असता तर’ या तीन शब्दांभोवती मन घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाल्या, ‘झाडं असतील तिकडे रोज चालून या.’ खरं सांगते, मला राग आला. इथे माणूस आतून कोलमडलंय आणि या फिरायला जा म्हणतायत! गेले ते केवळ घरात बसवेना म्हणून.

चालण्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पहिली वीस मिनिटं वाईट जातात. घरात टीव्ही, भांडी, फोन यांच्या आड जे दडवलेलं असतं, ते मोकळ्या वाटेवर एकदम अंगावर येतं. पहिल्या आठवड्यात दोनदा मी अर्ध्या वाटेतून रडत परतले. हे तुमच्याही वाट्याला आलं, तर आपल्याला चालणं मानवत नाही असं समजू नका.

आठव्या की नवव्या दिवशी वाटेच्या मधोमध, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक वाळकं पान हवेत दिसलं. पडत नव्हतं, उडतही नव्हतं. जवळ गेले तेव्हा उन्हाच्या तिरिपेत कोळ्याचा एक धागा चमकून गेला. पान गरगर फिरायचं, पीळ भरला की थबकायचं आणि मग उलटं उलगडत जायचं. किती वेळ बघत होते कोण जाणे. भानावर आले तेव्हा लक्षात आलं, तेवढा वेळ तो फोन वाजला नव्हता. मनातला.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1989 साली याची उपपत्ती मांडली. काम करताना, रस्ता ओलांडताना, हिशेब करताना आपण लक्ष रेटून धरतो, आणि ते लक्ष थकतं. हलणारी पानं, वाहतं पाणी, ढग हे लक्ष ओढून नेत नाहीत, अलगद धरून ठेवतात. तेवढ्यात थकलेल्याला विसावा मिळतो. 2015 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 38 जणांना 90 मिनिटं चालायला लावलं, काहींना गवत-झाडांतून, काहींना वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांनी सांगितलं की, तेच ते उगाळणं कमी झालंय. मेंदूच्या ज्या भागाचा या उगाळण्याशी संबंध जोडतात, तिथली हालचालही मंदावलेली दिसली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘उगाळणं’ हा शब्द मला नेमका लागला.

हे ऐकणाऱ्यांत कुणी अंथरुणाला खिळलेलंही असेल. त्यांच्यासाठी एक जुनी नोंद. रॉजर उलरिक या संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे कागद तपासले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तेव्हा पलंग खिडकीकडे वळवून घ्या.

मोबाईलवर पावलं मोजण्याचा माझा प्रयोग मात्र पुरता फसला. चार दिवसांत मी पानं सोडून आकडे बघायला लागले. तो बंद केला. गोळ्या बंद केल्या नाहीत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे कमी झाल्या. चालणं त्यांच्या जागी नव्हतं, त्यांच्या सोबतीला होतं.

दादाशी माझं बोलणं तुटल्यात जमा होतं. समोरासमोर बसलो की दोघंही चहाच्या कपात बघायचो. एकदा तो घरी आला असताना म्हणाला, ‘चल, तुझी ती वाट दाखव.’ अर्धा तास आम्ही एक शब्द बोललो नाही. पण शेजारी चालताना गप्प राहणं जड होत नाही. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, नजर वाटेवर असते, आणि नकळत पावलं जुळतात.

जिथे ते पान लटकलं होतं, तिथे मी सवयीने थांबले. धागा केव्हाच गेला होता. दादा दोन पावलं पुढे जाऊन थांबला आणि मागे न वळताच म्हणाला, ‘त्या दुपारी आईनं मलाही फोन केला होता.’

मी गप्प.

‘मीपण उचलला नाही गं.’

नमस्कार.