डाय कोणाच्या मालकीची?

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेलात, तर भिंतीच्या कडेने रॅकवर डाय रचलेल्या दिसतील. जाड पोलादाचे ठोकळे, पत्र्याला दाबून आकार देणारे साचे. मोठे असले तर क्रेनशिवाय जागचे हलत नाहीत. त्यांच्या अंगावर पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर नंबर असतो आणि पुष्कळदा नाव असतं गाडी बनवणाऱ्या कंपनीचं. शेड शॉपवाल्याची, प्रेस त्याची, वीजबिल त्याचं, कामगार त्याचे. डाय मात्र गिऱ्हाइकाची.

कंपन्या काही वस्तू स्वतः बनवतात, काही बाहेरून घेतात, आणि काही ठिकाणी असा मधला मार्ग काढतात. हे कशावरून ठरतं, ते आज पाहू. कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या एकाच मालकाच्या हाताखाली आणणं, याला अर्थशास्त्रात उभं एकत्रीकरण म्हणतात.

सर्वसाधारण समज असा, की स्वतः बनवलं की स्वस्त पडतं, मधल्याचा नफा वाचतो. बहुतेक वेळा हे खरं नसतं. मधल्याचा नफा म्हणजे त्याने अडकवलेल्या भांडवलाचा मोबदला. तुम्ही स्वतः प्रेस घेतलीत, की तेवढंच भांडवल तुमचं अडकलं. त्यावर व्याज आलं, आणि काम नसताना प्रेस उभी राहिली तर तो तोटाही तुमचाच. बाहेरचा माणूस तीच प्रेस चार गिऱ्हाइकांसाठी तीन पाळ्यांत चालवतो. म्हणून नटबोल्ट, बेअरिंग, रंग, खोके या वस्तू बाजारातून घ्याव्यात. तिथं दुकानदार बदलायला एक फोन पुरतो.

लासलगावचा कांदा बघा. कांदा सुकवून त्याचे काप आणि पावडर करणाऱ्या कारखान्याला कांद्याची शेती विकत घ्यायची गरज पडत नाही. ट्रॉली समोर उभी असते, माल डोळ्यांनी दिसतो, बोली उघड लागते. एक शेतकरी नाही तर दुसरा, एक व्यापारी नाही तर दुसरा. बाजार असा असेल, तर बाजारच बरा.

आता त्याच जिल्ह्यातलं वाइनचं द्राक्ष घ्या. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लाँ. मणी बारीक, साल जाड, आत बिया. गिऱ्हाईक हातगाडीवरून हे द्राक्ष घेत नाही. खायच्या थॉमसन द्राक्षाची निर्यात फसली तर माल देशी बाजारात जातो, तोही पडला तर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला वाइनरीखेरीज वाली नाही. बरं, लावल्यापासून नीट पीक हाती यायला तिसरं वर्ष उजाडतं आणि वेल पुढं पंधरा-वीस वर्षं जमिनीत राहतो. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर नाशिकमध्ये या बागा वाढल्या. २००९-१० च्या सुमारास वाइनची मागणी पडली, माल उचलायला कोणी येईना, आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या.

वाइनरीही तितकीच अडकलेली असते. रसातली साखर बावीस-चोवीस ब्रिक्सला आली, ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप, की त्या दोन-चार दिवसांत द्राक्ष तोडावंच लागतं. पहाटे तोडून काही तासांत क्रशरला घालावं लागतं, नाहीतर उन्हानं तापून रस आंबायला लागतो. अशा वेळी शेतकरी भावावर अडून बसला, तर वाइनरीच्या रिकाम्या टाक्यांचं काय करायचं? म्हणून अनेक वाइनरी शेतकऱ्यांशी लांब मुदतीचे करार करतात आणि थोडी लागवड स्वतःच्या किंवा कसायला घेतलेल्या जमिनीवर ठेवतात. जाता जाता बोलतोच: हे करार मराठीत असले पाहिजेत. पंधरा वर्षांची बाग ज्या कागदावर उभी राहते, तो कागद बाग लावणाऱ्याला स्वतःला वाचता आला पाहिजे. मुलगा शिकलेला आहे, तो बघेल, हे उत्तर मला मान्य नाही.

पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागं वळून वाचता येत नाही. प्रश्न स्वस्त-महागाचा कमी आणि अडकण्याचा जास्त आहे. जी गुंतवणूक एकाच गिऱ्हाइकाच्या कामाची आहे, तिथं बाजार अडतो.

अडण्याचं दुसरं कारण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा दर्जा. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा अंश सापडला आणि माल अडकला. घडाकडे पाहून हा अंश कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो, तोवर हंगाम निघून चाललेला असतो. मग निर्यातदार आपला माणूस छाटणीपासून बागेत पाठवतो, फवारणीची वही तपासतो. शेती त्याची नसते, पण शेतीवर लक्ष त्याचं असतं. उलट बाजूनेही हे घडतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन पॅकहाउस आणि शीतगृह आपल्या मालकीचं केलं.

डायवर ठोकलेल्या त्या पट्टीचं कारणही यातच आहे. एका मॉडेलच्या दाराची डाय दुसऱ्या मॉडेलला चालत नाही. ती शॉपवाल्याने स्वतःच्या पैशाने केली, तर गिऱ्हाईक उद्या भाव पाडायला लावील ही त्याला धास्ती. ती त्याची असेल, तर ऐन उत्पादनात तो भाव वाढवील ही गिऱ्हाइकाला धास्ती. डाय गिऱ्हाइकाची आणि प्रेस शॉपवाल्याची केली, की दोघं मोकळे. पटलं नाही तर गिऱ्हाईक डाय ट्रकवर घालून नेतं, आणि प्रेसवर दुसऱ्याचं काम सुरू होतं. जीएसटीच्या कायद्यातही याला जागा आहे. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर करून घ्यायच्या कामाला दिलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रं तीन वर्षांत परत यावी लागतात. साचे, डाय आणि काम पकडून ठेवणारे जिग, फिक्श्चर यांना ती मुदत लागू नाही. आणि या डाय घासूनपुसून मायक्रॉनमध्ये बसवणारा टूलरूमचा फिटर, त्याला आपल्या शहरात इंजिनिअरइतका मान मिळायला हवा. मुलगा आयटीआयला जातो म्हटल्यावर घरात चेहरे उतरतात, ते थांबलं पाहिजे.

आता अमेरिकेत, मोटारींच्या डेट्रॉइटला जाऊ. ही हकीकत सांगण्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला.

साल १९१९. तोवरच्या बहुतेक मोटारी उघड्या. वर कापडी टप. हिवाळ्यात बर्फ पडलं की गाडी घरात. गिऱ्हाइकाला आता बंद काचांची, छपराची गाडी हवी होती. अशा बॉडीला लाकडी सांगाडा आणि त्यावर डायने दाबलेला पत्रा लागतो. फिशर बॉडी ही भावाभावांची कंपनी यात वाकबगार, मूळ धंदा घोडागाड्यांचा. गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने तिच्याशी दहा वर्षांचा करार केला आणि तिचे साठ टक्के शेअर घेतले. बंद बॉड्या जवळपास सगळ्या फिशरकडूनच घेऊ, असं वचन दिलं. ते का, हे आता तुम्हाला कळेल. जनरल मोटर्सच्याच शेवरलेट गाडीच्या डाय करून ठेवल्यावर शेवरलेटने पाठ फिरवली, तर फिशरने त्या कुठं विकायच्या?

पण एकाकडूनच घेणार म्हटल्यावर फिशर भाव वाढवील. म्हणून भावाचं सूत्र लिहिलं: खर्च, अधिक खर्चावर १७.६ टक्के. भांडवलावरचं व्याज या खर्चात धरायचं नाही. हे सूत्र कानात ठेवा. एका बॉडीला शंभर डॉलर खर्च आला, तर बिल ११७ डॉलर ६० सेंट. चांगली यंत्रं आणून खर्च ऐंशीवर आणला, तर बिल ९४ डॉलर ८ सेंट. म्हणजे खर्च वाचवला की फिशरचा फायदा साडेसतरावरून चौदावर आला. यंत्रं घ्यायची स्वतःच्या पैशाने, आणि कमवायचं कमी. पुढं बंद गाड्यांची मागणी करार करताना कोणी धरली नव्हती इतकी वाढली.

१९७८ मध्ये क्लाइन, क्रॉफर्ड आणि अल्चियन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ही हकीकत मांडली. त्यांचं, आणि पुढं क्लाइनचं म्हणणं, फिशरने मजूर जास्त लावले, जनरल मोटर्सच्या कारखान्यांजवळ बॉडीचे कारखाने काढायला नकार दिला, वाहतुकीवरही टक्के कमावले, आणि वैतागून जनरल मोटर्सने १९२६ मध्ये उरलेले शेअर घेऊन फिशर पोटात घातली. उभ्या एकत्रीकरणाचा अगदी नमुना. पाठ्यपुस्तकांतून हीच कथा पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली.

पण एक माणूस ती मानायला तयार नव्हता. रोनाल्ड कोस. लंडनचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी, १९३१ मध्ये प्रवासवृत्ती घेऊन अमेरिकेत गेला, तेव्हा वय अवघं वीस. त्याचा प्रश्न असा, की बाजार जर सगळं जुळवून आणतो, तर कंपन्या मुळात असतात कशाला? आणि रशियात लेनिन अख्खा देश एका कारखान्यासारखा चालवू म्हणाला होता, ते अशक्य आहे असं पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, मग अमेरिकेतले प्रचंड कारखाने चालतात कसे? तो कारखाने पाहत, माणसांना विचारत फिरला. त्याचं उत्तर १९३७ मध्ये छापून आलं: बाजार वापरायलाही खर्च येतो. भाव शोधणं, घासाघीस, करार लिहिणं, तो पाळला जातो का ते बघणं. हा खर्च आत करून घेण्याच्या खर्चापेक्षा वाढला, की कंपनी ते काम आत घेते. या लेखात समीकरणांचा पसारा नाही. मला अर्थशास्त्र असंच लिहिलेलं आवडतं. जे तोंडी सांगता येत नाही ते नीट समजलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

फिशरची गोष्ट त्याने त्याच प्रवासात ऐकली होती. पण मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथचीही त्याला माहिती मिळाली. हा कारखाना मोटारींच्या सांगाड्याच्या फ्रेम बनवायचा, जवळजवळ सगळं यंत्रांवर, दिवसाला सुमारे दहा हजार. यंत्रं विशिष्ट गिऱ्हाइकांसाठीच बांधलेली, जनरल मोटर्स त्यांतलं मोठं. तरीही कोणी कोणाला विकत घेतलं नाही आणि व्यवहार वर्षानुवर्षं करारावर चालला. अडकलेपण दोन्हीकडे सारखंच, मग एकीकडे मालकी आणि दुसरीकडे करार, असं का?

१९९१ मध्ये कोसला नोबेल मिळालं, तेव्हा तो ऐंशीचा होता. आणि २००० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्याने जुने कागद धुंडाळून फिशरवर पुन्हा लेख लिहिला. फिशरने जनरल मोटर्सजवळ कारखाने काढायला नकार दिल्याचं दिसत नव्हतं; उलट तिथं ते निघाले होते. फिशर बंधू तर जनरल मोटर्सच्या कारभारातच होते. लॉरेन्स फिशर १९२५ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाचा प्रमुख झाला होता. कोसच्या मते १९२६ ची खरेदी फसवणुकीला कंटाळून झालेली नव्हती. बॉडीचं आणि गाडीचं काम रोजच्या रोज जुळवायचं होतं, आणि त्या भावांना पूर्णपणे आपल्यात घ्यायचं होतं. क्लाइनने त्यालाही उत्तर दिलं. हा वाद अजून शिकवला जातो. मला कोसची बाजू पटते. अडकलेपण खरं आहे, पण त्यावर बहुधा करार पुरतो. मालकी लागते ती दोन कारखान्यांचे निर्णय रोज एकमेकांत गुंतले की.

पुन्हा एकदा: आधी बाजार, मग करार, आणि तेही जमेना तर मालकी. क्रम हाच.

आता अंबडमधल्या पुरवठादारांसाठी कामाचं तेवढं. भावाचं सूत्र ‘खर्च अधिक टक्के’ असं लिहू नका, १७.६ ने काय होतं ते ऐकलंत. पत्र्याचा भाव वेगळा धरा, तो बाजाराप्रमाणे दर तिमाहीला वरखाली होऊ द्या. भंगाराचे पैसे कोणाचे ते लिहा. मजुरी आणि नफा मिळून प्रत्येक नगाला ठरावीक रक्कम ठेवा, म्हणजे सुधारणा केलीत तर वाचलेले पैसे तुमचे राहतील. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, तर करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि एकाच गिऱ्हाइकासाठी नवी प्रेस घ्यायची वेळ आली, तर बँकेचे हप्ते जितके महिने आहेत, तितके महिने गिऱ्हाईक किमान किती माल उचलेल ते आधी लिहून घ्या.

नमस्कार.