ती विधवा धान्य मागत नव्हती

(पुण्यात उपवासकाळातल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छापण्यासाठी थोडं संपादित करून.)

पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारे, बंधुभगिनींनो,

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा आपल्याला शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. गावात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचं भय, ना माणसांची पर्वा. ही बाई त्याच्याकडे येत राहिली, येत राहिली, आणि शेवटी तिच्या त्रासाला कंटाळून का होईना, तो हलला. येशूने सांगितलेल्या या दाखल्यावर मी ऐकलेले बहुतेक संदेश चिकाटीने प्रार्थना करण्यावर होते. ते बरोबरच आहे, लूक स्वतःच तसं सांगतो. पण ती बाई मागत काय होती, याकडे आपलं लक्ष जात नाही. ती पीठ मागत नव्हती, लुगडं मागत नव्हती. कुणीतरी तिचं काहीतरी लुबाडलं होतं, तो माणूस कोण हे तिला माहीत होतं, आणि त्याच्याविरुद्ध तिला न्याय हवा होता.

ही बाई आज आपल्या मंडळीत आली तर आपण काय करू? रेशन भरून देऊ, याबद्दल मला शंका नाही. किल्लारीचा भूकंप असो, सांगली-कोल्हापूरचा पूर असो, कोरोना असो, आपली माणसं धावून गेलेली आहेत. दया करायला आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण तिने त्या माणसाचं नाव घेतलं की आपण खाली बघू लागतो. हा राजकारणाचा विषय आहे, असं कुणीतरी हळूच म्हणतं. मग आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो आणि तिला घरी पाठवतो. मला आज बोलायचं आहे ते या खाली गेलेल्या नजरेबद्दल.

कॅरिबियन समुद्रात बार्बाडोस नावाचं बेट आहे. तिथे ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाच्या श्रीमंत माणसाचे उसाचे मळे होते. १७१० साली तो वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे मळे मिळाले सुवार्ता प्रसारासाठी स्थापन झालेल्या एका इंग्रज संस्थेला, ‘सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल’ला. मळ्यांबरोबर गुलामही मिळाले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या त्या माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने एक शब्द डागला जाई: ‘सोसायटी’. डाग देण्याची पद्धत काही वर्षांनी थांबली, गुलामी मात्र शंभर वर्षं चालूच राहिली. त्या मळ्यातला ऊस, ती साखर, तो नफा, आणि त्याच संस्थेच्या सभेत चाललेली प्रार्थना, हे सगळं डोळ्यांसमोर आणा. ही संस्था आपल्याला परकी नाही. तिचेच मिशनरी पुढे अहमदनगर-कोल्हापूरकडे आले, त्यांनी शाळा काढल्या, आणि इथे बसलेल्या काही जणांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झालेला असेल. त्या शाळांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण कृतज्ञतेखाली तो डाग झाकला जाऊ नये. २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे तिथल्या मुख्य सभेने, गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली तेव्हा या मळ्यांचा उल्लेख झाला होता.

याच इतिहासाची दुसरी बाजूही ख्रिस्ती माणसांचीच आहे. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचं विधेयक ब्रिटिश पार्लमेंटने फेटाळलं, तेव्हा घराघरांतून लोकांनी गुलामांच्या हातची साखर खाणं सोडलं. थॉमस क्लार्कसन हा या चळवळीसाठी इंग्लंडभर घोड्यावरून फिरलेला माणूस. साखर सोडलेल्यांचा आकडा ३ लाखांच्या आसपास असावा, असा त्याचा अंदाज होता. ज्या बायकांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्या हातात घरातला साखरेचा डबा होता. पुढे एलिझाबेथ हेरिक नावाची लेस्टर शहरातली, क्वेकर या ख्रिस्ती पंथातली बाई दारोदार फिरली, साखर सोडा म्हणून सांगत. चळवळीतले मोठमोठे पुरुष म्हणत होते, गुलामी हळूहळू संपवू. तिने १८२४ मध्ये पुस्तिका काढून विचारलं की हळूहळू का? आजच का नाही? १८३३ साली कायदा झाला आणि सरकारने भरपाई म्हणून २ कोटी पौंड मोजले, ते मालकांना. जे गुलाम होते त्यांना एक पैसाही मिळाला नाही. तो कायदा पाहायला हेरिकबाई हयात नव्हत्या, पण हयात असत्या तर त्या गप्प बसल्या नसत्या, असं मला वाटतं.

हे सांगायला मी साखरच का निवडली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. दौंड तालुक्यात दिवाळीच्या पुढेमागे बीड आणि नगर भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसांची मोजणी हत्याराने होते. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर चढते. टोळीच्या एका अड्ड्यावर मी कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या खोपटासमोर, बसून एका बाईंशी बोलले. पहाटे चारला फडात, दुपारी मोळ्या बांधायच्या, रात्री ट्रॅक्टर आला की भरायचा, तो किती वाजता येईल हे कुणालाच माहीत नसतं. पाळीच्या दिवसांत काय करता, असं विचारलं तर म्हणाल्या, “ताई, पाळीला खाडा माफ नाही.” हिशेब कुणाकडे आहे, असं विचारलं, तर मुकादमाच्या वहीत. तुमच्याकडे? त्यांनी मान हलवली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, सरकारला समिती नेमावी लागली. तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या त्यांत. आपण त्यांना थंडीत ब्लँकेट देतो. जरूर द्यावीत, कोपीतली थंडी मी पाहिली आहे. पण त्या बाईंना हिशेबाची प्रत मिळावी, हे कारखान्याला कोण विचारणार?

याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि मुक्ती मिशनमधल्या अनाथ मुलींबद्दल बोलून थांबतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना मरणातून उचलून घेऊन आल्या, हे खरंच आहे. पण त्याच १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगची साथ असताना, त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्लेगच्या इस्पितळात आणि छावण्यांत बायकांची जी व्यवस्था होती, तिथे त्यांच्या आश्रमातल्या मुलीच्या बाबतीत जे घडलं, त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. सरकारने आरोप नाकारले. रमाबाईंनी मात्र माघार घेतली नाही. त्यांची अडचण बघा. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्याही ख्रिस्ती. धर्मांतरामुळे पुण्यातला मोठा समाज त्यांच्यावर आधीच रुसलेला, आश्रमाला मदत येई ती परदेशी ख्रिस्ती लोकांकडून. गप्प बसायला इतकी सबळ कारणं फार थोड्यांना मिळतात. आजारी मुलीची सेवा आणि त्या मुलीसाठी गव्हर्नरच्या सरकारला जाब, ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हती.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मला लगेच दाखवला जातो: वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. हाच अध्याय दक्षिण आफ्रिकेतलं गोऱ्यांचं सरकारही दाखवत असे, आणि तेही चर्चला जाणारं सरकार होतं. सप्टेंबर १९८५ मध्ये तिथल्या पाळकांनी आणि ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांनी एक निवेदन काढलं, ‘कैरोस डॉक्युमेंट’. सरकार हा अध्याय कसा वापरतं, हे त्यात उलगडून दाखवलं होतं. पण त्यात चर्चवरही कडक टीका होती. अन्याय तसाच ठेवून समेटाची भाषा बोलणं हे ख्रिस्ती नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशातल्या आर्चबिशप रोमेरोंनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात सैनिकांना सांगितलं, देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळायला तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. ही माणसं रोमकरांस पत्र वाचतच होती.

आता थोडं आपल्या घरातलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण आपल्याच घरी सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न अजून विचारला जातो. दिल्लीकडे मागायचा न्याय आपल्या बैठकीच्या खोलीत नाकारायचा, हे चालणार नाही. तसंच आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचं. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून चर्चं जळाली, त्यांच्यासाठी आपण रडलो. तिथली देवळंही जळाली आणि तिथल्या बहुतांशी हिंदू असलेल्या मैतेई समाजाची कुटुंबंही छावण्यांत राहिली, त्यांची नावं आपल्या प्रार्थनेत आली का? येशूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी माणूस निवडला. ऐकणाऱ्यांना तो नकोसा होता, हे त्याला पुरेपूर माहीत होतं.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. रविवारच्या प्रार्थनेत ‘जगातील सर्व पीडितांसाठी’ एवढ्यावर थांबू नका. एक देश, एक प्रसंग, आणि तिथे त्रास देणारं कोण आहे तेही, असं नाव घेऊन प्रार्थना करा. त्यासाठी आठवडाभर कुणीतरी वाचावं लागेल, तरुण संघाने ते काम घ्यावं. महिला मंडळाने मंडळीतल्या बायकांची तक्रार ऐकायला दोन विश्वासू जणी नेमाव्यात आणि ती तक्रार मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या सभेत दडपली जाणार नाही, हे आधीच लिहून घ्यावं. आणि दौंडच्या टोळ्या हंगाम संपवून गावाकडे वळण्याआधी आपण तिकडे एकदा जाऊ. ब्लँकेट नेऊच, पण त्यांची हरकत नसेल तर उचल, टन आणि खाडे यांचा हिशेब त्यांच्यासाठी लिहून काढू, वाचून दाखवू आणि एक प्रत त्यांच्या हातात ठेवू. त्याची दुसरी प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायची वेळ आली तर कायदा जाणणारी माणसं बरोबर लागतील. आपल्या मंडळीत वकील आहेत, मला माहीत आहे. दाराशी वही ठेवली आहे, जाताना त्यात नाव आणि फोन नंबर लिहावा.