हा, ही, हे : मेळघाटातला नववीचा वर्ग

[दृश्य : वहीचं पान, लाल शाईच्या खुणा]

‘माझा बहीण शाळेत आला.’ वर्ग हसतो. लिहिणारा पोरगा पुढचे चार दिवस तोंड उघडत नाही.

धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत ही चूक घडोघडी दिसते. इथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोरकू; ही मुंडा भाषाकुळातली, संथाली-मुंडारीचं भावंड असलेली भाषा. तिच्यात नामांची वाटणी सजीव-निर्जीव अशी होते. पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. वही ‘ती’ आणि पुस्तक ‘ते’ का, हा प्रश्न म्हणूनच अगदी रास्त आहे. खरं तर उत्तर मराठी माणसालाही देता येत नाही.

[दृश्य : जून महिना, प्रवेश अर्जांचा गठ्ठा]

अर्जात ‘मातृभाषा : मराठी’ असं पुष्कळदा भरणाऱ्यानेच लिहून टाकलेलं असतं. त्यावर विसंबू नका. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारा : घरी काय बोलता, मित्रांशी काय, बाजारात काय? तिसऱ्याचं उत्तर बहुधा हिंदी येतं.

मग चौघांचे गट करा. कोरकू असो की गवळी, एका भाषेची किमान दोन मुलं एका गटात हवीत. एकटं पडलेलं मूल गप्प बसतं. विज्ञानाचा प्रश्न दिला की तीन मिनिटं आपापल्या भाषेत चर्चा, मग दोन मिनिटांत मराठीत उत्तर. दुभाषाचं काम दर आठवड्याला दुसऱ्याकडे द्या. एकाच हुशार मुलीवर ते वर्षभर टाकलं, तर तिचाच अभ्यास मागे पडतो.

[दृश्य : भिंतीवरचा तक्ता]

रोज पाच शब्द, पण सुटे नाहीत : हा वेग, ही घनता, हे वस्तुमान. शेजारच्या रकान्यात मुलांनी सांगितलेला कोरकू शब्द, जसा ‘पाणी’ला ‘डा’. विज्ञानाच्या पेपरात लिंगाच्या चुकीला गुण कापू नका. ती दुरुस्ती मराठीच्या तासाला.

शिक्षण हक्क कायदा, 2009 शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो, पण आठवीपर्यंतच. पुस्तकं जाड होतात ती नेमकी त्यानंतर.

[दृश्य : होळीचा ढोल]

होळीच्या आठवड्यात चाचणी ठेवलीत तर बाकं रिकामी दिसणार. कोरकूंचा हा सर्वांत मोठा सण, आणि याच दिवसांत मेघनाथाची जत्रा भरते. मेघनाथ म्हणजे रावणाचा मुलगा मेघनाद; कोरकू त्याला देव मानतात. स्नेहसंमेलनात मेघनादाला खलनायक करणारं नाटुकलं बसवायचं असेल, तर पात्रं वाटण्याआधी संहिता वर्गात मोठ्याने वाचा. कोण मान खाली घालतं, तेवढं बघा.